तिसऱ्या रांगेतला खोकला

अजमानला आम्ही राहत होतो त्या इमारतीचा नातूर पठाण होता. नातूर म्हणजे तिथला रखवालदार. तो गाड्या धुतो, पाण्याची टाकी बघतो, आणि कुणाकडे कोण आलं, किती वेळ बसलं, हे न विचारता लक्षात ठेवतो. आमचा नातूर लिफ्टमध्ये शिरला की लिफ्ट लहान वाटायची. एकदा ती मध्येच अडकली तेव्हा त्याने तिचं दार नुसत्या हातांनी फाकवलं होतं. असा हा माणूस एका दुपारी माझ्या दिवाणखान्यातून उलट्या पावली बाहेर पडला. खोलीकडे पाठ फिरवायची त्याची छाती झाली नाही.

मी तेव्हा दुबईत ऑफिसात होतो. इतका देखणा प्रसंग माझ्या गैरहजेरीत घडावा, याची रुखरुख मला अजून आहे. पण संध्याकाळी बायकोने तो साभिनय करून दाखवला, भिंतीला धरत धरत मागे सरकण्यासकट.

तो काय बघून घाबरला हे सांगायचं तर आधी आमच्या गुरूंबद्दल सांगायला हवं. हे माझ्या ऑफिसातले सीनियर. पुण्याचे, अकाउंट्समध्ये, कुटुंब पुण्यातच ठेवलेलं. स्वभावाने गरीब, पण कान अतिशय श्रीमंत. मी बर दुबईच्या बाजारातून मोठ्या हौसेने अॅम्प्लिफायर आणि छातीएवढे उंच दोन स्पीकर आणले, तेव्हा ते ऐकायला आले. गाणं संपेपर्यंत मयताला बसल्यासारखे मान खाली घालून बसले, आणि मग म्हणाले, "आवाज आहे. प्राण नाही."

"मग आता?"

"दुकानात मिळणारे उपाय श्रीमंतांसाठी आहेत हो. खरं शास्त्र तुमच्या स्वयंपाकघरात पडलंय. वहिनी, जरा वाट्या देता का?"

तेव्हा गुरुवारी अर्धा दिवस आणि शुक्रवारी सुट्टी असायची. गुरुवारी दुपारी गुरू येणार, जेवणार आणि माझ्या दिवाणखान्यात एका नव्या वस्तूची प्रतिष्ठापना करणार, असं सुरू झालं. आधी स्पीकरच्या चारी कोपऱ्यांखाली तांदळाने भरलेल्या वाट्या आल्या. तांदूळ जमिनीचा कंप पितो म्हणे, आणि बासमतीच पितो, उकडा पीत नाही. मग वाटी आणि स्पीकर यांच्या मध्ये नाणं. एका दिरहमच्या नाण्यावर अरबी कॉफीची किटली असते. तिची चोच ऐकणाऱ्याकडे हवी, नाहीतर आवाज भिंतीकडे सांडतो. पंचवीस फिल्सवर हरीण असतं, ते वरच्या पट्टीला चपळाई देतं. पन्नास फिल्सवरच्या तेलाच्या विहिरींमुळे खर्जाला खोली येते. हे सगळं ते ताळेबंद वाचावा इतक्या गंभीरपणे सांगत.

मग तारांची पाळी आली. तार जमिनीला टेकता कामा नये, म्हणून चहाचे कागदी कप पालथे घालून त्यावरून ती नेली. तार थरथरू नये म्हणून तिला परकराचा लाल नाडा गाठी मारत मारत गुंडाळला. अॅम्प्लिफायरच्या डोक्यावर काळे उडीद भरलेला मोजा ठेवला. प्लगच्या पितळी पिना लिंबाने घासल्या आणि अर्धं कापलेलं लिंबू तिथेच ठेवलं, कारण त्याचा ओलावा हवेतली वीज मारतो. सीडी फ्रीजरमध्ये, पापलेटच्या शेजारी. एकदा बायकोने चुकून भैरवी तळायला काढली होती.

हे सगळं कशासाठी, तर एका खोकल्यासाठी. आमच्याकडे एका जुन्या मैफिलीची सीडी होती. गवई केव्हाच वारलेला. विलंबित सुरू झाल्यावर थोड्या वेळाने श्रोत्यांतला कुणीतरी खोकतो. गुरूंच्या हिशेबाने तो तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ बसला होता. "ज्या दिवशी हा गृहस्थ रेकॉर्डमध्ये न खोकता तुमच्या दिवाणखान्यात खोकेल," ते म्हणाले, "त्या दिवशी साधना पुरी."

बायको कोकणातली. तिने एकदा दारात उभं राहून ती आरास डोळे भरून पाहिली. तांदूळ, नाणी, गाठी मारलेला लाल नाडा, काळे उडीद, कापलेलं लिंबू.

"अहो, आमच्या गावात एवढं सामान तिठ्यावर सापडलं असतं ना, तर अख्खी वाडी आठवडाभर घराबाहेर पडली नसती."

मी हसलो. तेव्हा मी प्रत्येक गोष्टीला हसत असे.

तर नातूर आला होता गळका एसी बघायला. चप्पल काढून आत पाऊल टाकलं आणि थबकला.

"भाभी, ये क्या है?"

आता माझ्या बायकोचा या छंदावरचा राग बरेच महिने साठलेला. आणि तिला खोटं बोलायची सवय नाही. तिने खरं ते सांगितलं.

"साब का है. शाम को पर्दा लगाके, बत्ती बंद करके बैठते हैं."

"क्या करते हैं?"

"सुनते हैं. मरे हुए लोगों की आवाज. बोलते हैं, ठीक से लगाया तो वो आदमी यहीं कमरे में आके बैठेगा."

यात एक शब्दही चुकीचा नव्हता. यानंतरच तो उलट्या पावली गेला. एसी गळतच राहिला.

मला तर हे वर्षाचं बक्षीस वाटलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तो भेटला तेव्हा मी डोळे अर्धवट मिटून मारव्याचे सूर हळूच पुटपुटायला लागलो. तो दुसऱ्याच मजल्यावर उतरला आणि उरलेले मजले जिन्याने चढला. ऑफिसात मी हा किस्सा सांगत फिरलो. गुरू तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "पडद्याचं नाव काढलंत म्हणून आठवलं, पडदे जाड हवेत."

मग एका संध्याकाळी नातूर गाडीची किल्ली परत द्यायला वर आला. दार किलकिलं होतं. मी जमिनीवर गुडघे टेकून तारेवरची धूळ उडवत होतो. एकेक गाठ हातात घ्यायची आणि तिच्यावर फुंकर घालायची. मान वर केली तर दारात तो. त्याचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. त्याने किल्ली उंबऱ्यावर ठेवली आणि गेला. त्याचा चेहरा पाहिल्यावर मला पहिल्यांदा हसू आलं नाही.

त्यानंतर माझी गाडी धुतली जाईना. रांगेतल्या सगळ्या गाड्या चकचकीत, आणि माझ्या गाडीवर वाळूचा थर. शेजारच्या अरब बाई आमची पोरगी खेळायला गेली की दार उघडायच्या, त्यांनी उघडणं बंद केलं. त्या रोज त्यांच्या उंबऱ्यात धूप जाळायला लागल्या. पुढे धुपाटणं आमच्या दाराच्या दिशेनेही फिरू लागलं. मी लिफ्टमध्ये शिरलो की आतली माणसं बाहेर येऊन जिन्याकडे वळायची. इमारतीत कुणाचं मूल रडलं तरी मला वाटायचं, आता हे माझ्या खात्यावर.

ऑफिसात गुरूंनी मला पँट्रीत गाठलं. आवाज खाली आणून म्हणाले, "एक सांगू? जादूटोण्याला इथे हसत नाहीत. तो गुन्हा आहे. एकाला ताईत देताना धरलं होतं म्हणे. तुरुंग भोगला आणि थेट विमानात. पायात सपाता होत्या, त्याच सपातांवर."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं नाही. पण सपातांचं कुणी उगाच सांगेल का?"

मला ते पटलं. भीतीला पुरावा लागत नाही, तपशील लागतो. त्या दिवसापासून मी घरातसुद्धा बूट घालून बसायला लागलो.

आणि मग नातूर स्वतःच बोलला. गाडीपासून लांब उभा राहून, माझ्या खांद्यापलीकडे बघत.

"जुम्मे को नमाज के बाद अरबाब आएगा. आपका घर देखेगा. भतीजा भी आएगा."

अरबाब म्हणजे इमारतीचे मालक. वयस्कर, भाडं घ्यायलासुद्धा कधी न येणारे. भतीजा पोलिसात होता, हे इमारतीतल्या मांजरांनाही ठाऊक होतं. आणि माझा पासपोर्ट तेव्हा व्हिसाच्या नूतनीकरणासाठी कंपनीने सरकारी कचेरीत दिलेला. एका शिक्क्यावर माझी नोकरी, पोरीची शाळा, हे घर, सगळं टांगलेलं. त्या शिक्क्याऐवजी दुसरा शिक्का बसायला कितीसा वेळ लागतो?

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने कपाटावरची बॅग खाली काढली, मंगळसूत्र आणि बांगड्या रुमालात बांधून पर्समध्ये टाकल्या, आणि मग म्हणाली, "तुमच्या त्या गुरूंना बोलवा. लावलंय त्यांनी, काढतीलही तेच."

गुरुवारी दुपारी गुरू आले. त्यांचाही चेहरा पांढरा पडला होता, पण कारण वेगळं.

"सगळं एकदम काढू नका हो. सिस्टीमला धक्का बसेल. आधी उडीद, मग दोन दिवस थांबून लिंबू."

"दोन दिवस थांबून मी कुठे असेन?"

तेव्हा कुठे ते वाकले. पण काढलेलं ठेवायचं कुठे? कचऱ्याच्या पिंपापाशी नातूरची खुर्ची. काळे उडीद, तांदूळ आणि लिंबू पिशवीत भरून त्याच्यासमोरून न्यायचे, म्हणजे आपणच जाऊन कबुलीजबाब देण्यासारखं. गॅलरीतून खाली टाकायचं, तर अख्ख्या इमारतीला खात्री पटणार. मी संडासात टाकू म्हणालो. बायको म्हणाली, "अन्न आहे ते." आणि मोजा काढून घेऊन स्वयंपाकघरात गेली.

तिने उडदाचं घुटं केलं. तांदूळ धुऊन भात लावला. आम्ही तिघं जेवायला बसलो आणि सगळा पुरावा लिंबू पिळून खाल्ला. गुरू दुसऱ्यांदा भात घेताना म्हणाले, "बासमती उत्तमच होता. म्हणून तर खर्ज इतका सुटा यायचा."

नाडा राहिला. त्याच्या गाठी काही केल्या सुटेनात. शेवटी बायकोने तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि आत गेली. नाडा जिथला होता तिथे परत गेला. दुसऱ्या दिवशी ती पुरावा कमरेला बांधून पाहुण्यांना सामोरी गेली.

शुक्रवारी नमाज संपल्यावर बेल वाजली. गुरू थांबले होते. त्यांना जायला सांगितलं तर म्हणाले, "मी जबाबदार आहे." मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला. पुढे पाऊण तासात तो उतरला.

अरबाब काठी टेकत आत आले. पांढरा पायघोळ कंदुरा, पिकलेली दाढी, डोळे थकलेले. पुतण्याने गणवेश घातला नव्हता, आणि त्यानेच जास्त भीती वाटली. नातूर उंबऱ्याबाहेरच राहिला. बायकोने चहा ठेवला. कप बशीवर वाजले, तेवढाच आवाज.

अरबाबांनी नातूरकडे पाहिलं. "किधर?"

नातूरने मान आत घातली. दोन स्पीकर, एक अॅम्प्लिफायर, स्वच्छ फरशी.

"सब हटा दिया, अरबाब. था. मैंने आंख से देखा."

पुतण्या माझ्याकडे वळला. आवाज अगदी सौम्य. "व्हाय यू रिमूव्ह?"

एवढ्या तयारीत हा प्रश्न आम्हाला कुणालाही सुचला नव्हता. निर्दोष माणूस कशाला काही हलवेल? मग मी जे होतं ते सगळं सांगून टाकलं, हिंदीत, इंग्रजीत, हातवाऱ्यांत. वाट्या, नाणी, कंप, प्राण. सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं की हे किती अशक्य वाटतंय. पुतण्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. अरबाब म्हणाले, "लगाओ. हम देखेगा."

डब्यातले ताजे तांदूळ आले. माझ्या हातून ते फरशीवर सांडत होते. पर्समधली नाणी आली. गुरू आधी भिंतीला चिकटून उभे होते, पण पहिली वाटी बसली आणि त्यांची भीती कुठल्या कुठे गेली. "अहो, चोच बाहेर गेली तुमची. चोच आत. हरीण उजवीकडे." मी गाठींबद्दल कबूल केलंच होतं. अरबाबांनी विचारलं, "वो धागा किधर?"

"नाडा राहू द्या," बायको मराठीत म्हणाली. स्वर असा, की माझ्या पाठीतून कळ गेली.

"व्हॉट शी सेड?" पुतण्याने विचारलं.

"शी सेड, थ्रेड इज लॉस्ट, सर."

त्याने वाकून तारेला हात घातला. तेवढ्यात आतल्या खोलीतून आमची पोरगी आली आणि कमरेवर हात ठेवून त्याला म्हणाली, "अंकल, डोन्ट टच. पप्पा विल क्राय." त्याने हात मागे घेतला. त्या खोलीत त्या दिवशी त्याला घाबरलं नाही असं तेवढं एकच माणूस होतं.

मग सीडी लावली. आधी वाट्यांवर, मग वाट्या काढून. तोच तुकडा, तोच मारवा, तोच खोकला. अरबाब काठीवर हनुवटी टेकवून ऐकत होते. संपल्यावर पुतण्याने मला सरळ विचारलं, "राइस, कॉइन, यू पुट. साउंड चेंज? यस ऑर नो?"

आणि मला त्यातला खड्डा दिसला. हो म्हणालो, तर मूठभर तांदळाने न दिसणारी शक्ती हलते हे मीच पोलिसासमोर मान्य केलं. मग जादू म्हणजे आणखी काय असतं? आणि नाही म्हणालो, तर इतके महिने मी आणि एक पदवीधर अकाउंटंट जमिनीवर रांगत काय करत होतो? एका बाजूला गुन्हेगार, दुसऱ्या बाजूला गाढव. बायको माझ्याकडे बघत होती. बॅग तिच्या पायाशी होती.

"नो, सर," मी म्हणालो. "नो चेंज. नथिंग."

बायकोच्या खांद्यांतला ताण सुटला. गुरूंनी मात्र माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी देवाची मूर्ती भंगारात विकली.

"यू?" पुतण्याने त्यांना विचारलं.

मी मनात म्हणालो, बाबा रे, फक्त एक अक्षर. नो. गुरूंनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. "चेंज है," ते म्हणाले. "तंबोरा दोन पाऊल पीछे गया."

"किसने पीछे किया?"

"चावल ने."

एसीचं पाणी ठिबकत होतं. उंबऱ्यावरचा नातूर एक पाऊल मागे सरकला. मी बुटांच्या नाड्या घट्ट आहेत ना ते पाहिलं.

अरबाब म्हणाले, "फिर से बजाओ." त्यांनी डोळे मिटले. गाणं लागलं. खोकला आला तसे त्यांनी डोळे उघडले. "ये कौन बीमार है?"

"अब तक मर गया होगा," गुरू म्हणाले. "पुराना रेकॉर्ड है."

मी घाईघाईने आवाज कमी केला.

अरबाबांनी गुरूंना खूण करून शेजारी बसवलं. "हमारा बाप मोती का काम करता था," ते म्हणाले. "बंबई जाता था, हमको भी ले जाता था. मोती ऐसे कान के पास रखता. बोलता, अच्छा मोती बात करता है. हमको भी देता, बोलता सुनो." ते थांबले. "हम बहुत सुना. कुछ नहीं सुना. लेकिन बाप को बोला, हां बाबा, सुना."

मग ते पुतण्याला अरबीत काहीतरी म्हणाले. त्यातला 'मजनून' एवढाच शब्द मला कळला, आणि आयुष्यात कुणी मला वेडा म्हटल्याचा इतका आनंद झाला नव्हता. पुतण्याने माझ्याकडे, मग गुरूंकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा चहाचा घोट घेतला.

"सुनो," उठताना अरबाब मला म्हणाले. "चावल रखो, पैसा रखो. गांठ मत बांधो. गांठ बांधके उसपे फूंक मारना, ये हमारे में बहुत खराब बात है. आदमी डरता है." मग गुरूंकडे वळून, "तुम्हारा बीवी किधर?"

"पूना."

"इधर बुलाओ. जल्दी."

दारात त्यांनी नातूरला काठीने हलकेच ढोसलं. "खलास. यल्ला, इसका गाड़ी धो."

त्यांच्या पाठोपाठ गुरू गेले, माझ्याशी एक शब्दही न बोलता. बायकोने बॅग कपाटावर टाकली, बांगड्या हातात चढवल्या आणि वाट्या उचलून घासायला नेल्या. "ऐकलंत ना, काय म्हणालात ते? काही फरक पडत नाही. आता या माझ्या वाट्या." मी मान डोलावली. खरोखर मनापासून डोलावली.

उन्हं कलली तशी पोरगी खाली खेळायला गेली. शेजारच्या बाईंनी दार उघडलं होतं. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. मी एकटाच सोफ्यावर बसलो आणि तीच सीडी लावली, नुसती, कशाविना. मला ऐकू आलं की तंबोरा मागे गेला आहे. दोनच पावलं, पण मागे. मी मान हलवली, जागा बदलली, कान कोरले. तंबोरा मागेच. आता नवीनच भीती अंगावर आली. मी पोलिसाला सांगितलं होतं, नो चेंज.

खिशात एका दिरहमचं एक नाणं राहिलं होतं. मी खिडकीतून खाली पाहिलं. नातूर माझ्या गाडीच्या टपावर फडकं मारत होता. मी पडदा ओढला. उजवा स्पीकर जरासा कलता केला आणि नाणं त्याच्याखाली सरकवलं, किटलीची चोच सोफ्याकडे करून. गाणं परत पहिल्यापासून लावलं. फक्त खात्री करायला. काही फरक पडत नाही याची.

विलंबित सुरू झालं. तो गृहस्थ खोकला.

स्वयंपाकघरातलं पाणी बंद झालं. बायको ओल्या हातांनी बाहेर आली, माझ्याकडे न बघता सरळ बाहेरच्या दाराकडे गेली, भिंगातून जिन्यात डोकावली आणि कडी लागली आहे ना ते पाहिलं.

"कोण आलंय?" तिने विचारलं.

"कुणी नाही."

"असं कसं? आत्ता इथे कुणीतरी खोकलं."

तिच्या कमरेला लाल नाड्याचं टोक दिसत होतं, गाठींसकट. मी नाणं काढून घ्यायला वाकलो, पण माझा हात त्याच्यापर्यंत जाईना.